थांबलेला कंटेनर पुन्हा सुरू कसा करायचा? 'रन' आणि 'स्टार्ट'मधला फरक

कॉलेजचा प्रोजेक्ट असो की पहिली इंटर्नशिप, डॉकरशी गाठ हल्ली लवकर पडते. कुणीतरी एक लांबलचक कमांड पाठवतं, ती टर्मिनलमध्ये पेस्ट केली की डेटाबेस सुरू, सर्व्हर सुरू. मग रात्री लॅपटॉप बंद होतो. सकाळी उघडून पाहावं तर कंटेनर कुठेच दिसत नाही. अशा वेळी बरेच जण तीच लांबलचक कमांड पुन्हा पेस्ट करतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

या लेखात एकच गोष्ट नीट समजून घेऊ. थांबलेला कंटेनर गेलेला नसतो. तो डिस्कवर जसाच्या तसा पडून असतो आणि एका छोट्या कमांडने पुन्हा चालू होतो. ती कमांड माहीत नसली की माणूस नवा कंटेनर बनवतो, कधी चिडून जुना डिलीट करतो आणि शाबूत असलेलं काम स्वतःच्या हाताने घालवतो.

वाचण्याआधी एक छोटी सूचना. इथे सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या लिपीत टाइप करायच्या. '-ए' किंवा '-आय' असं दिसलं तर एक डॅश आणि पुढे ते इंग्रजी अक्षर, '-आयटी' दिसलं तर डॅश आणि पुढे आय व टी ही दोन अक्षरं. दोन डॅश दिसले तर पुढे पूर्ण शब्द.

इमेज आणि कंटेनर: फोनवरून समजून घ्या

तुमच्या फोनमध्ये एखादं ॲप आहे असं धरा. त्याची इन्स्टॉल करायची फाइल सगळ्यांसाठी सारखीच असते. ती इन्स्टॉल केल्यावर तुमच्या फोनमध्ये त्याची स्वतःची जागा तयार होते. तुमचं लॉगिन, सेटिंग, डाउनलोड केलेल्या गोष्टी तिथे राहतात.

डॉकरमध्ये इमेज म्हणजे ती इन्स्टॉल करायची फाइल आणि कंटेनर म्हणजे त्यापासून तयार झालेलं तुमचं इन्स्टॉल केलेलं ॲप. इमेज कधी बदलत नाही. प्रत्येक कंटेनरला इमेजच्या वर लिहिण्यासाठी स्वतःचा एक पातळ थर मिळतो. कंटेनरमध्ये तुम्ही जी फाइल बनवता किंवा बदलता, ती या थरात जाते.

आता फोनमधल्या तीन क्रिया आठवा:

• फोर्स स्टॉप: ॲप थांबतं, डेटा तसाच राहतो. डॉकरमध्ये हे 'स्टॉप'.
• ॲप पुन्हा उघडणं: तेच ॲप, तेच लॉगिन. डॉकरमध्ये हे 'स्टार्ट'.
• अनइन्स्टॉल: ॲप आणि त्याची जागा दोन्ही गेली. डॉकरमध्ये हे 'आरएम'.

आणि 'रन'? काही फोनमध्ये एकाच ॲपची दुसरी कॉपी बनवायची सोय असते, दोन नंबरांसाठी दोन कॉपी. दुसरी कॉपी उघडली की ती कोरी असते, पुन्हा लॉगिन मागते. 'रन' तसं आहे. प्रत्येक वेळी 'रन' केलं की त्याच इमेजमधून एक नवा, कोरा कंटेनर तयार होतो आणि मग सुरू होतो. आधीच्या कंटेनरकडे तो वळूनही बघत नाही.

थांबलेले कंटेनर दिसतात कुठे?

चालू कंटेनर बघायची कमांड बहुतेकांना माहीत असते:

डॉकर पीएस

ही फक्त चालू असलेले कंटेनर दाखवते. म्हणून लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर यादी रिकामी दिसते आणि पोटात गोळा येतो. थांबलेले कंटेनर बघायचे तर एक अक्षर जास्त लागतं:

डॉकर पीएस -ए

आता सगळे दिसतील. यातले तीन रकाने महत्त्वाचे. पहिल्या रकान्यात कंटेनरचा आयडी असतो. मुळात तो ६४ अक्षरांचा असतो, पण इथे त्याची पहिली १२ दिसतात. 'स्टेटस' रकान्यात चालू असेल तर 'अप', थांबला असेल तर 'एक्झिटेड' आणि पुढे कंसात एक आकडा असतो. त्या आकड्याकडे थोड्या वेळाने येऊ. शेवटच्या रकान्यात नाव असतं.

तुम्ही नाव दिलं नसेल तर डॉकर स्वतःच एखादं गमतीदार नाव ठेवतं: आधी एक विशेषण, मग अंडरस्कोर, मग एखाद्या शास्त्रज्ञाचं किंवा तंत्रज्ञाचं आडनाव. या यादीत होमी भाभा आहेत, सी. व्ही. रामन आहेत, रामानुजन आणि विश्वेश्वरय्यासुद्धा आहेत. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक हेही आहेत, पण त्यांच्या नावाआधी 'बोअरिंग' हे विशेषण लागू नये अशी खास अट डॉकरच्या कोडमध्येच लिहिलेली आहे.

गंमत म्हणून ठीक आहे, पण महिन्याभराने अशा दहा नावांमधून आपला कंटेनर कोणता हे शोधणं वैतागाचं काम असतं. म्हणून 'रन' करतानाच '--नेम' लावून स्वतः नाव द्यायची सवय लावा. नाव इंग्रजी अक्षरांतच द्यावं लागतं, देवनागरी नाव डॉकर घेत नाही.

आता मुख्य कमांड

नाव सापडलं की पुढचं काम एका ओळीचं:

डॉकर स्टार्ट कंटेनरचं-नाव

सुरू झाला की डॉकर तेच नाव परत छापतं, बाकी काही नाही. नवीन माणसाला वाटतं काहीच झालं नाही. खात्री करायला 'डॉकर पीएस' करा, 'अप' दिसलं की झालं.

नावाऐवजी आयडी चालतो आणि पूर्ण आयडीही लागत नाही. सुरुवातीची तीन-चार अक्षरं दुसऱ्या कुठल्या कंटेनरशी जुळत नसतील तर तेवढी पुरतात. एकाच वेळी अनेक कंटेनर सुरू करायचे तर नावं एकापुढे एक, मध्ये जागा सोडून लिहा. आधीच चालू असलेल्या कंटेनरला चुकून 'स्टार्ट' दिलं तरी बिघडत काही नाही.

'स्टार्ट' कंटेनरला पडद्यामागे चालू करतं, म्हणजे त्याचं आउटपुट तुमच्या टर्मिनलवर येत नाही. डेटाबेस किंवा वेब सर्व्हरसाठी हे बरोबरच आहे. पण आउटपुट बघायचं असेल तर '-ए' लावा, आणि आत टाइपही करायचं असेल तर '-आय' लावा. दोन्ही एकत्र असे:

डॉकर स्टार्ट -एआय कंटेनरचं-नाव

लक्षात घ्या, 'पीएस'मधला '-ए' म्हणजे 'ऑल' आणि इथला '-ए' म्हणजे 'अटॅच'. अक्षर एकच, काम वेगळं.

पाच मिनिटांचा प्रयोग

वाचून पटत नाही, करून पटतं. डॉकर असलेला लॅपटॉप जवळ असेल तर हे करून बघा.

१. डॉकर रन -आयटी --नेम वही उबंटू बॅश
(इथे 'वही' हे आपण दिलेलं नाव. इंग्रजी अक्षरांत लिहा.)

२. आता तुम्ही कंटेनरच्या आत आहात. एक रिकामी फाइल बनवा: टच नोंद. मग 'एलएस' करून ती दिसते का बघा.

३. 'एक्झिट' टाइप करा. तुम्ही बाहेर आलात आणि कंटेनर थांबला.

४. डॉकर पीएस -ए केलं की 'वही' पुढे 'एक्झिटेड' दिसेल.

५. डॉकर स्टार्ट -एआय वही. प्रॉम्प्ट दिसला नाही तर एकदा एंटर दाबा. 'एलएस' करा. 'नोंद' फाइल तिथेच आहे.

६. परत 'एक्झिट' करा आणि यावेळी पहिलीच कमांड जशीच्या तशी पुन्हा द्या. डॉकर एरर देईल: 'वही' हे नाव आधीच वापरात आहे.

ही सहावी पायरी नीट बघून ठेवा. खऱ्या आयुष्यात माणसं इथेच घसरतात. एरर नावाबद्दल असते, म्हणून इंटरनेटवर शोधल्यावर पहिला उपाय सापडतो तो जुना कंटेनर 'आरएम' करण्याचा. तो केला की एरर जाते, 'रन' चालतं, सगळं छान दिसतं. फक्त 'नोंद' फाइल गेलेली असते. खरं म्हणजे ती एरर तुम्हाला सांगत होती की तुमचा जुना कंटेनर अजून आहे, त्याला फक्त 'स्टार्ट' करा.

'दादा, डेटाबेस रिकामा झाला'

नाव दिलेलं नसेल तर ही एररसुद्धा येत नाही आणि गोंधळ जास्त वाढतो. माझ्या कॉलेजमधल्या एका ज्युनिअर मुलीचा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री मेसेज आला: दादा, पोस्टग्रेसमधले सगळे टेबल गायब झाले. गावातल्या दोनशेहून जास्त शेतकऱ्यांशी बोलून तिने आणि तिच्या ग्रुपने माहिती भरली होती. दुसरी कॉपी नव्हती.

मी तिला एवढंच सांगितलं की आता काहीही डिलीट करू नकोस आणि 'डॉकर पीएस -ए'चा स्क्रीनशॉट पाठव. त्यात पोस्टग्रेसचे दोन कंटेनर होते. एक चालू, नुकताच बनलेला. दुसरा तीन आठवड्यांपूर्वी बनलेला, काही तासांपूर्वी थांबलेला. लॅपटॉप रीस्टार्ट झाल्यावर तिने टर्मिनलमध्ये वरच्या बाणाची कळ दाबून जुनी 'रन' कमांड पुन्हा चालवली होती. ॲप नव्या, कोऱ्या डेटाबेसशी बोलत होतं. भरलेला डेटाबेस शेजारीच शांत पडून होता.

उपाय दोन ओळींचा. दोन्ही कंटेनर ५४३२ हाच पोर्ट मागत होते, म्हणून आधी नवा थांबवायचा आणि मग जुना सुरू करायचा:

डॉकर स्टॉप नव्याचं-नाव
डॉकर स्टार्ट जुन्याचं-नाव

टेबल परत दिसले. त्यानंतर पहिलं काम म्हणून तिच्याकडून डेटाबेसचा बॅकअप काढून घेतला.

इथे एक बारकावा आहे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलच्या अधिकृत इमेजमध्ये डेटाची जागा 'व्हॉल्यूम' म्हणून आधीच ठरवलेली असते. तुम्ही व्हॉल्यूमला नाव दिलं नाही तर प्रत्येक नव्या कंटेनरसाठी डॉकर एक निनावी व्हॉल्यूम बनवतं. जुना कंटेनर 'स्टार्ट' केला की तो आपल्याच जुन्या व्हॉल्यूमला जोडला जातो. नवा 'रन' केला की नवा, रिकामा व्हॉल्यूम मिळतो. म्हणून तर डेटाबेस 'रिकामा' दिसतो. नाव दिलेला व्हॉल्यूम वापरला असता तर नव्या कंटेनरलाही तोच डेटा मिळाला असता. प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी हे करून ठेवणं सगळ्यात चांगलं.

सुरू केला आणि लगेच बंद पडला?

कंटेनरचं आयुष्य त्याच्या मुख्य प्रोसेसला बांधलेलं असतं. ती संपली की कंटेनर थांबतो. त्यामुळे काही कंटेनर 'स्टार्ट' केल्यावर सेकंदभरात परत 'एक्झिटेड' होतात. पुन्हा पुन्हा 'स्टार्ट' देऊन उपयोग नसतो. त्या कंसातल्या आकड्याकडे बघा:

• ० म्हणजे काम नीट संपलं. काही कंटेनर एकच काम करून थांबण्यासाठीच असतात.
• १ म्हणजे बहुतेक वेळा आतल्या प्रोग्रॅममध्येच एरर आली.
• १२७ म्हणजे जी कमांड चालवायची होती ती कंटेनरमध्ये सापडलीच नाही.
• १३७ म्हणजे प्रोसेसला जबरदस्तीने मारलं गेलं. १२८ अधिक ९, आणि ९ हा लिनक्समधला 'किल' सिग्नल.
• १४३ म्हणजे १२८ अधिक १५, सभ्यपणे 'थांब' सांगितलं आणि ती थांबली.

१३७ आला तर दोन शक्यता आधी तपासा. एक, मेमरी संपली म्हणून सिस्टीमनेच प्रोसेस मारली. दोन, तुम्ही 'डॉकर स्टॉप' दिलं होतं आणि ती वेळेत थांबली नाही. 'स्टॉप' आधी १५ नंबरचा सिग्नल देतं, साधारणपणे १० सेकंद वाट बघतं आणि मग ९ नंबरचा देतं.

नेमकं काय झालं ते बघायला कंटेनर चालू असण्याची गरज नाही. थांबलेल्या कंटेनरचे लॉगही वाचता येतात:

डॉकर लॉग्ज कंटेनरचं-नाव

माझ्या रोजच्या कामात अशा दहापैकी आठ-नऊ वेळा उत्तर लॉगच्या शेवटच्या काही ओळींतच सापडतं. पासवर्ड चुकलाय, फाइल मिळत नाही, दुसरी सर्व्हिस अजून सुरू झालेली नाही, असंच काहीतरी.

दोन एरर मात्र कंटेनर सुरू होण्याआधीच येतात. 'पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड' म्हणजे तो पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलाय. आधी त्याला थांबवा. 'कॅनॉट कनेक्ट टू द डॉकर डीमन' म्हणजे बहुतेक वेळा खुद्द डॉकरच चालू नाही. विंडोज किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप उघडलं की काम होतं.

'स्टार्ट' काय बदलू शकत नाही

'स्टार्ट' कंटेनरला बनवला त्याच अटींवर सुरू करतं: तीच कमांड, तेच पोर्ट, तेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, तेच व्हॉल्यूम. 'स्टार्ट' करताना पोर्ट बदलायचा म्हटलं तर जमत नाही. त्यासाठी नवा कंटेनरच बनवावा लागतो, आणि तो बनवण्याआधी डेटा कुठे आहे हे बघावं लागतं.

दुसरं, फाइल राहतात पण मेमरीतलं काही राहत नाही. प्रोग्रॅम अर्ध्यावर होता तर 'स्टार्ट' केल्यावर तो पहिल्यापासून सुरू होतो. मध्येच गोठवून नंतर तिथूनच पुढे न्यायचा असेल तर 'पॉज' आणि 'अनपॉज' या वेगळ्या कमांड आहेत. पॉज केलेल्या कंटेनरला 'स्टार्ट' दिलं तर डॉकर नकार देतं आणि 'अनपॉज' वापरा असं सुचवतं.

रोज हाताने सुरू करायचा कंटाळा येत असेल तर

नेहमी लागणाऱ्या कंटेनरला रीस्टार्ट पॉलिसी लावता येते, तीही नंतर:

डॉकर अपडेट --रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड कंटेनरचं-नाव

आता डॉकर सुरू झालं की हा कंटेनर आपोआप सुरू होईल. तुम्ही स्वतः थांबवला असेल तर मात्र तो थांबलेलाच राहील. 'ऑलवेज' ही पॉलिसी त्याहून हट्टी आहे. तुम्ही थांबवलेला कंटेनरही डॉकर पुढच्या वेळी सुरू झाल्यावर परत उठून बसतो.

प्रोजेक्टमध्ये डॉकर कंपोज वापरत असाल तर तिथेही हाच फरक आहे. 'कंपोज स्टॉप' केलं तर 'कंपोज स्टार्ट'ने तेच कंटेनर परत येतात. 'कंपोज डाउन' मात्र कंटेनर काढून टाकतं. नाव दिलेले व्हॉल्यूम 'डाउन'मध्ये टिकतात, पण त्याला '-व्ही' जोडलं तर तेही जातात.

लॅपटॉप जवळ नसेल आणि कंटेनर क्लाउड सर्व्हरवर असेल तर यातल्या सगळ्या कमांड फोनवरूनही चालतात. अँड्रॉइडवर टर्मक्ससारखं टर्मिनल ॲप घ्यायचं, एसएसएचने सर्व्हरवर जायचं आणि हेच टाइप करायचं.

डिलीट करण्याआधी

थांबलेले कंटेनर डिस्कवर जागा घेतात, त्यामुळे कधीतरी साफसफाई करावीच लागते. पण 'डॉकर कंटेनर प्रून' ही कमांड सगळे थांबलेले कंटेनर एका झटक्यात काढते. ती 'हो की नाही' विचारते, आणि आपण सवयीने वाय दाबतो. फोनमध्ये जागा नाही म्हणून बंद असलेली सगळी ॲप एकदम अनइन्स्टॉल करण्यासारखं ते आहे. तसंच, 'रन'मध्ये '--आरएम' लावलेला कंटेनर थांबताक्षणी स्वतःच डिलीट होतो, निनावी व्हॉल्यूमसकट. तो 'पीएस -ए'मध्येही सापडत नाही. दुसऱ्याची कमांड पेस्ट करताना हे शब्द त्यात आहेत का ते बघा.

एखादा कंटेनर काढायचाच असेल पण आतली फाइल हवी असेल, तर तो सुरूही करावा लागत नाही. 'डॉकर सीपी' थांबलेल्या कंटेनरमधूनही फाइल बाहेर काढते. आपल्या प्रयोगातली फाइल अशी काढता येईल, शेवटी एक जागा सोडून टिंब द्यायला विसरू नका:

डॉकर सीपी वही:/नोंद .

म्हणून कंटेनर गायब झाला असं वाटलं की हा क्रम ठेवा: आधी 'पीएस -ए', मग 'लॉग्ज', मग 'स्टार्ट'. 'रन' फक्त नवा कंटेनर खरोखर हवा असेल तेव्हा. आणि 'आरएम' सगळ्यात शेवटी, आतलं काही नको आहे याची खात्री झाल्यावर.